पायाखालची ऊब

त्या सकाळी घरातली जमीन गार लागली नाही.

तुस्कू रडत होती, माझे मोजे सापडत नव्हते, म्हणून तशीच अनवाणी पलंगावरून उतरले. उतरताना सवयीने अंग आखडून घेतलं. नोव्हेंबरात आमच्याकडे पाय टेकवण्याआधी सगळेच असं करतात, दात आवळतात, खांदे वर घेतात. पण तळपायाला काहीच झोंबलं नाही. मी पोरीला उचललं, खिडकीशी नेलं, थोपटलं, आणि खूप वेळाने ध्यानात आलं की आपण इतका वेळ एकाच जागी उभ्या आहोत. एरवी या दिवसांत अनवाणी माणूस एका जागी उभं राहत नाही, पाय आलटून पालटून उचलतं. माझे पाय मात्र स्वस्थ होते. लाकडाच्या फळ्या, त्यावर जुनं फुलाफुलांचं लिनोलियम, आणि त्या फुलांतून ऊब वर येत होती. एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीवर उभं राहावं तशी. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की मी तुस्कूला खाली सोडलं, तिच्या शेजारी पालथी पडले आणि गाल जमिनीला लावला. बाहेर उणे अडतीस होतं. रस्त्यावर धुकं इतकं दाट की समोरच्या दुकानाचा दिवासुद्धा दिसत नव्हता, नुसता एक पिवळा डाग. आणि आम्ही दोघी मायलेकी उन्हात पडल्यासारख्या जमिनीवर.

तुस्कूने मोजे काढून फेकले. ती दहा महिन्यांची होईल आता. गेला हिवाळा तिने माझ्या छातीवर काढला होता, कारण खाली ठेवली की खोकायची. तळमजल्यावर असंच असतं. याकुत्स्कमध्ये घर मातीवर बसवत नाहीत, खांबांवर उभं करतात, आणि खालची जागा मोकळी ठेवतात, वाकून माणूस जाईल एवढी. हिवाळाभर तिथून वारा जातो. वारा माती गोठवतो, माती खांब धरून ठेवते. वरचे लोक म्हणतात, तुम्ही आमचा वारा खाता. आयताल, माझा नवरा, घर घेताना हसून म्हणाला होता, "तळमजला म्हणजे घराचे पाय. पाय गार असले म्हणजे डोकं ठिकाणावर." मी म्हटलं होतं, "पाय तुझे गार पडू देत, मला पोर होणारेय." तेव्हा ती पोटात होती. आता ती लिनोलियमच्या एका लाल फुलावर तळवा आपटत होती, मग दुसऱ्या, आणि प्रत्येक फुलाकडे ते नवीनच असल्यासारखं बघत होती.

आयताल नदीपलीकडे होता. रेल्वे पलीकडच्या काठापर्यंतच येते, अलीकडे येत नाही, आणि त्याचं काम तिथल्या रुळांवर. पंधरवडा तिकडे, पंधरवडा घरी, असं ठरलेलं. पण नदीवर बर्फ धरायच्या दिवसांत ठरलेलं काही राहत नाही. बर्फ माणसाचं वजन घेईपर्यंत ना होडी चालते ना गाडी. हवेवर चालणारी एक होडी असते, तीही धुक्यामुळे बंद पडली होती. त्यामुळे तो काठावरून शहराचे दिवे बघायचा म्हणे, दिसले तर. त्याचं काम मी लग्नानंतर एकदा पाहिलं होतं. मला वाटलं होतं, रुळांची माणसं म्हणजे हातोडे, खिळे, काहीतरी ठोकाठोक. ही माणसं तर बर्फ काढत होती. रुळांवरचं नाही, रुळांखालच्या मातीच्या भरावाच्या उतारावरचं. फावड्यांनी उतार उघडा करत होती, थंडी आत जावी म्हणून. मला हसू आलं. "अरे, सगळी दुनिया पांघरूण घालते आणि तू पांघरूण ओढून काढतोस?" तो म्हणाला, "बर्फाखाली ऊब राहते. ऊब राहिली की उन्हाळ्यात माती ढिली होते. ढिली झाली की रूळ पोटात जातो." पोटात जातो, हा त्याचा शब्द. एका ठिकाणी त्याने मला तो दाखवलाही. मला रूळ सरळच दिसले. तेव्हा तो पालथा पडला, हनुवटी रुळाला टेकवली, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, "अशी बघ." मी पोट सांभाळत वाकले. दूरवर दोन्ही रूळ एका जागी अलगद खाली उतरत होते आणि पुन्हा वर येत होते, कुणीतरी मध्ये बसून उठल्यासारखे. गाडी तिथे माणसाच्या चालीने जायची. मी सरळ झाले तर पुन्हा सगळं सपाट. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस मला सपाट वाटणाऱ्या गोष्टींचा विश्वास वाटेना.

दुपारी त्याचा फोन आला.

"काय करतेय माझी म्हातारी?" दात नाहीत, केस नाहीत, म्हणून पोरीला तो म्हातारी म्हणतो.

"रांगतेय. मोजे भिरकावलेत."

"मोजे घाल गं तिला. मग रात्रभर खोकते नि तू मला शिव्या देतेस."

"खोकते कुठली! जमीन मस्त गरम आहे यंदा. तुझी लेक उन्हाळ्यात आहे. तूच बस तिकडे थंडीत."

तो हसेल असं मला वाटलं. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला, कुणीतरी लांबून कुणाला तरी हाक मारली.

"गरम म्हणजे?"

"गरम म्हणजे गरम. आता तुला काय, तापमान लिहून पाठवू?"

"सगळीकडे?"

"स्वयंपाकघरात जास्त. ओट्यापाशी."

"खाली जाऊन बघ."

"कुठे खाली?"

"घराखाली. ऐकतेयस ना? आज बघ. मी आलो असतो, पण नदी मधोमध अजून वाहतेय."

मी हो म्हटलं आणि गेले नाही. का गेले नाही, ते सांगता येईल, पण ती सगळी कारणं जरा जास्तच चांगली आहेत. पोर झोपली होती. धुकं होतं. बूट ओले होते. खरं एवढंच की मला ती ऊब जायला नको होती. आयतालच्या आवाजात जे आलं होतं ते मला घरात नको होतं, आणि फोन ठेवल्यावर ते घरात आलंच. मला आठवलं, जाण्याच्या आदल्या दिवशी तो तुस्कूशेजारी पालथा पडला होता, हनुवटी जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून. ती त्याचं नाक ओढत होती, तो ओढू देत होता. मी किती हसले होते. आता वाटलं, तो तिच्याशी खेळत होता की तिच्या पलीकडे काही बघत होता? मी ओट्यापाशी जाऊन वाटीत पाणी घेतलं, खाली ठेवलं, आणि पाणी कुठल्या बाजूला कलतं ते बघायच्या आतच पुन्हा उचलून ओतून टाकलं. 

माझ्या वडिलांचं बर्फघर असंच गेलं. गावात आमच्या घरामागे जमिनीत खोल खड्डा होता, लाकडी झडप, खाली शिडी. हिवाळ्यात तळ्यातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या त्यात रचायच्या, उन्हाळाभर तेच पाणी प्यायचं. मांस, मासे, लोणी, सगळं तिथेच. भर जुलैत झडप उघडली की आतून पांढरा श्वास यायचा. भिंतींवर बर्फाची फुलं असत, बोटाएवढी लांब, दिव्याने चमकणारी, आणि आम्हा मुलांना ताकीद होती की त्यांच्यावर फुंकर मारायची नाही. मी एकदा मारली होती, फूल माझ्या डोळ्यांदेखत काळं पडलं. मग एका उन्हाळ्यात वडील शिडीने उतरले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी झडपेतून हाक मारली, "बाबा?" ते म्हणाले, "भिंत रडतेय गं." ते वर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ चिखलाने भरलेली होती. त्यांनी मांस वर काढलं, कुत्र्यांना वाटलं, खड्डा बुजवला, शहरातून फ्रीझर आणला. पुढे शाळेमागचं कुरण उसवलं, सपाट गवतात उंचवटे आले, उंचवट्यांमध्ये पाणी साचलं, आणि लोक एकेक घर ओंडके सोडवून दुसरीकडे हलवू लागले. पण मला त्या सगळ्यापेक्षा ती पाठच आठवते. त्यांना कळायच्या आधी त्यांच्या पाठीला कळलं होतं. ते बोलले मात्र कधी नाहीत. आमच्याकडे अशा गोष्टी मोठ्याने बोलत नाहीत, बोललं की त्या घराचा पत्ता शिकतात असं मानतात. मीही आयतालला पुन्हा फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी तुस्कू उभी राहिली. स्वयंपाकघरात, कपाटाला धरून, उघड्या पायांवर. तिची दहाही बोटं ऊब धरून बसली होती. ती माझ्याकडे बघून हसली आणि मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवतानाच मला वाटलं, ही कशावर उभी आहे?

शेजारच्या रिम्मामावशी तेव्हाच आल्या. त्या बाजारात मासे विकायच्या, उघड्यावर, उभे केलेले गोठलेले मासे समोर ठेवून. सगळं आयुष्य तसं काढल्यावर पायाचं एक बोट थंडीने नेलं, तेव्हा घरी बसल्या. त्यांच्या हातात गोठलेल्या दुधाची चकती होती, मध्ये काडी लावलेली.

"उभी राहिली? आणि मला बोलावलं नाहीस? अगं, हाक मारायला काय पैसे पडतात?"

"आत्ताच राहिली, मावशी."

"राहणारच. पाय शेकले की पोरं उभी राहतात." त्यांनी स्वतःचा वहाणेतला पाय बाहेर काढला, जमिनीवर ठेवला, चार बोटं हलवली. "बघ कशी शेगडीसारखी लागतेय. माझ्याकडेही आहे, पण तुझ्याकडे जास्त. तुझ्या बाजूला मी दुप्पट लावलंय ना."

"काय लावलंय?"

"आता विचारतेस? मला वाटलं नवऱ्याने ओळखलं असेल. प्लायवूड गं. घराखालची सगळी तोंडं बंद केली मी सप्टेंबरात. जुने लोकरीचे नमदे कोंबले, पुढे बर्फ पडल्यावर वरून तेही थापलं. तो वारा आत शिरायचा कुठून तेच ठेवलं नाही. गेल्या हिवाळ्यात ही किती खोकत होती, मी भिंतीतून ऐकायची. तू गप्प करायचीस, मग तूच रडायचीस. मी तेव्हाच म्हटलं, या थंडीने माझं एक बोट खाल्लं, हिला हात लावू देणार नाही."

त्या बोलत होत्या आणि दुधाची चकती तुस्कूच्या ओठांना लावत होत्या. पोर चाटायची, दचकायची, पुन्हा तोंड पुढे करायची. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मला ओरडावंसंही वाटलं. मी आभारही मानले नाहीत, कारण मानले असते तर ते खरे निघाले असते. वाकून, लंगडत, या वयात, एकटीने प्लायवूडचे तक्ते ओढत नेले असतील; आणि मी वर बसून आंघोळीचं पाणी ओतत असेन. माझ्या पोरीसाठी आजवर कुणी इतकं केलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "मावशी, नुसत्या प्लायवूडने इतकी गरम होते?"

"होते म्हणजे? झालीय ना?" मग जरा थांबून, "या आठवड्यात जरा जास्तच झालीय, ते खरं."

तुस्कू जेवून झोपली तशी मी तिला खाटल्यावर ठेवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या, कोट चढवला आणि खाली गेले. मागच्या बाजूने एक प्लायवूड ओढलं. ते निघेना, मग एकदम निघालं, आणि आतून वाफ माझ्या तोंडावर आली. ओली, गोड, उन्हाळ्यातल्या डबक्याच्या वासाची. नोव्हेंबरात तो वास नाकाला ओळखता येईना. मी वाकून आत शिरले. फोनच्या उजेडात आधी नुसतं पांढरं दिसलं. मग गरम पाण्याचा जाड पाइप दिसला, त्यावरचं वेष्टण लोंबत होतं आणि सांध्यातून पाणी येत होतं. फवारा वगैरे काही नाही, धारसुद्धा शांत. कुणाला त्रास द्यायचा नाही अशा बेताने ते गळत होतं. तोंडं उघडी असती तर ही वाफ रस्त्यावर आली असती, पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं असतं. मावशींनी ती आमच्यासाठी नीट झाकून ठेवली होती. पाणी उतरत उतरत माझ्या स्वयंपाकघराखालच्या खांबाशी गेलं होतं. खांबाभोवती माती दगडासारखी घट्ट असायला हवी. तिथे खांब आणि मातीच्या मध्ये काळ्या पाण्याची एक कड होती, सगळ्या बाजूंनी, आणि त्या पाण्यावर वाफ फिरत होती. मी एक पाऊल पुढे टाकलं. बूट घोट्यापर्यंत गेला. ओढून काढताना खालून एक आवाज आला, ओठ सुटल्यासारखा.

मी तिथेच ओणवी उभी होते तेव्हा डोक्यावर कुणीतरी चाललं. चाललं नाही. थप, थप, मग गुडघे घासल्याचं, मग पुन्हा थप. मला कळायला वेळ लागला, कारण आपल्या मुलाचा तो आवाज आपण कधी खालून ऐकलेला नसतो. ती उठली होती. उशांवरून उतरून खाली आली होती आणि मला शोधत होती. खोलीतून स्वयंपाकघरात, उंबऱ्यापाशी थोडी थांबली, मग बरोबर माझ्या डोक्यावर आली आणि बसली. मी हात वर करून फळीवर टकटक केलं. मग तिने वरून तळवा आपटला. मी पुन्हा वाजवलं, तिने पुन्हा, आणि ती खिदळली. जाड लाकडातून ते हसू माझ्यापर्यंत आलं, बारीक होऊन. खेळ तिला आवडला होता. ती उठून उभी राहिली असावी, कारण आवाज एकदम बदलला, तिचं सगळं वजन दोन ठिपक्यांवर आलं. आणि फळ्यांच्या पलीकडे, कुठेतरी खांबाच्या डोक्याशी, काहीतरी करकरलं. फार नाही. झोपेत माणूस दात खातो तेवढं. तिच्या वजनाने नव्हे, ते मला कळत होतं. तिचं वजन ते काय. पण तिने ते ऐकलं, आणि तिला वाटलं मीच वाजवलं. तिने उत्तरादाखल तळवा आपटला.

वर कशी आले ते आठवत नाही. तिला छातीशी धरून मी ऑफिसला फोन लावला, घरांची देखभाल बघणाऱ्या. एक बाई बोलत होती, चहा पिता पिता.

"गळतंय? किती गळतंय?"

"खांब सुटलाय मातीपासून."

"ते तुम्ही ठरवू नका हो. वेल्डर लोक तीन ठिकाणी अडकलेत. पाणी बंद करायचं म्हणाल तर आत्ता करायला लावते, पण मग अख्ख्या इमारतीचे रेडिएटर बंद होतील. उणे अडतीस आहे. पोरंबाळं असतील तुमच्याकडे."

"आहे एक."

"मग बघा. उद्यापर्यंत थांबलात तर बरं. एवढे दिवस थांबलंय ते." 

मी तुस्कूचा पाय हातात घेतला. गरम होता. इतका गरम की मला तिच्या पायाचा आणि त्या पाण्याचा फरक करता येईना. "आत्ता बंद करा," मी म्हटलं.

"लोक ओरडतील. कुणी सांगितलं म्हणून विचारतील मला. काय सांगू?"

मी माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, मोठ्याने.

रेडिएटर गप्प होताना आवाज करत नाही. मला वाटलं होतं, करेल. आधी त्यातली ती नेहमीची गुळगुळ, जी असते तेव्हा ऐकूच येत नाही, ती नाहीशी झाली. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी चमच्याने पाइप वाजवला. मग त्याच्या वरच्याने. मी तुस्कूला एकावर एक घालत होते, लोकरीचं, सशाच्या कातड्याचं, आयतालचा गळपट्टा, आणि ती हात ताठ करून रागाने बघत होती. दार वाजलं तेव्हा मला ठाऊक होतं कोण असणार.

रिम्मामावशी खांद्यावर रजई घेऊन उभ्या होत्या. "कुणी गं बंद करायला लावलं? कुठल्या मेल्याच्या डोक्यात आलं हे? घरात तान्हं पोर आहे हे ठाऊक नाही का त्याला?"

"मी लावलं, मावशी."

मी त्यांना पाइपचं सांगितलं, पाण्याच्या कडेचं, करकरण्याचं. प्लायवूडचं मी बोलले नाही. त्यांनी माझ्या बुटाकडे पाहिलं, घोट्यापर्यंत चढलेल्या चिखलाकडे, तो अजून ओलाच होता. या दिवसांत आमच्याकडे चिखल कुणी पाहत नाही. त्या भिंतीला टेकल्या.

"सगळीच काढायला लागतील?" त्यांनी विचारलं.

"वारा सगळीकडून जायला हवा."

"दक्षिणेकडची मी खिळे मारून बसवलीत." मग रजई सोडून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दे तिला इकडे. आण म्हणते ना. आम्ही दोघी रस्त्यापलीकडे दुकानात जाऊन बसतो, तिथली बाई माझी ओळखीची आहे. घरात नाही थांबत. पक्कड माझ्या दाराशी आहे." त्यांनी कोटाची बटणं सोडली, पोरीला आत घेतलं, वरून बटणं लावली. बाहेर फक्त तिची टोपी राहिली. जिन्याशी त्या थांबल्या, वळल्या नाहीत. "आणि हे बघ, त्या खांबाजवळ जाऊ नकोस."

मी पक्कड घेऊन खाली गेले. खिळे लांब होते, मावशींनी ते जीव लावून मारले होते, दक्षिणेकडच्या प्रत्येक तोंडाला चारी कोपऱ्यांत. पहिलं प्लायवूड निघालं, दुसरं निघालं, नमद्यांचे गोळे बर्फावर पडले. पाणी गळायचं थांबलं होतं. रस्त्याच्या बाजूचं तोंड उघडलं तेव्हा पलीकडून वारा आला, माझ्या पायांतून आत शिरला, आणि वाफ हळूहळू एका दिशेला झुकली. मी उघड्या तोंडाशी बसून बघत राहिले. जवळ गेले नाही. खांबाभोवतीच्या काळ्या पाण्यावर एक पातळ साय धरायला लागली होती, काठाकडून आत. ती मध्यापर्यंत यायला लागली की खालून काहीतरी हलायचं, आणि साय फाटायची. मग पुन्हा काठाकडून धरायची.